पुण्याचा प्लेग, मुंबईची लस आणि तक्रार करण्याचा हक्क

इ. स. १८९७ च्या फेब्रुवारी महिन्यात कलकत्त्याला एक कायदा मंजूर झाला. त्याची कलमे अवघी चार. छापला तर एका पानात मावेल. पण हा एवढासा कायदा मोठा दीर्घायुषी निघाला. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा महाराष्ट्र सरकारने हाच कायदा कपाटातून बाहेर काढला, आणि मुंबई-ठाण्याच्या आपल्या नातेवाइकांना ज्या हुकुमांनी घरात बसविले त्यांतील कित्येक याच कायद्याखाली निघाले होते. ज्या प्लेगसाठी हा कायदा मूळ जन्मला, त्या प्लेगची हकीगत आज वाचकांपुढे ठेवायची आहे.

मी मुंबईत नर्सिंग शिकले आणि इस्राएलमध्ये आल्यावरही निवृत्त होईपर्यंत वॉर्डातच काम केले. साथीच्या रोगात सरकारला अधिकार हवेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. संसर्गाचा रोगी वेगळा ठेवावाच लागतो, मग त्याला ते आवडो वा न आवडो. प्रश्न एवढाच की, हा अधिकार वापरणाऱ्याला ‘तू चुकतो आहेस’ असे सांगणारा कोणी उरतो की नाही? १८९७ साली पुण्यात काय झाले ते पाहिले म्हणजे या प्रश्नाची किंमत कळते.

प्लेगची सुरुवात मात्र पुण्यात नव्हे, आपल्याच जुन्या वस्तीच्या उंबरठ्यावर झाली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या तापाचा रोगी पाहिला आणि हा ब्युबॉनिक प्लेग आहे असे जाहीरपणे सांगितले. मांडवी म्हणजे सॅम्युएल स्ट्रीट, इस्राएल मोहल्ला, आणि १७९६ साली बांधलेली आपली पहिली मशीद ‘शाआर हारहमीम’ असलेला भाग. आपले जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर हे नाव तिच्यावरूनच पडले असे आपण मानतो. गोदीत धान्याची पोती, पोत्यांत उंदीर आणि दाटीवाटीने वसलेल्या चाळी. रोगाला आणखी काय हवे होते?

ऑक्टोबरच्या आरंभीच म्युनिसिपालिटीने हुकूम काढला की रोगी सापडला की त्याला सक्तीने हलवावे. लोक भयभीत झाले. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी वदंता पसरली. महिनाअखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. तेव्हा म्युनिसिपालिटीने हुकूम सैल केला. पण तोवर माणसे गाडीने, बोटीने, पायी शहर सोडू लागली होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती निघून गेली होती. आणि गेलेल्या माणसांबरोबर रोगही गेला.

अशा वेळी तो चार कलमांचा कायदा आला. नेहमीचे कायदे अपुरे वाटले तर सरकारने हवे ते तात्पुरते नियम करावेत, नियम मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी, आणि या कायद्याखाली सद्‌भावनेने काम करणाऱ्यावर कोणी दावा लावू नये, असा त्याचा मथितार्थ. शेवटचे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावे. अधिकाऱ्याला अधिकार मिळाला, आणि त्याविरुद्ध कोर्टात जाण्याची वाट जवळपास बंद झाली. मग नागरिकाच्या हाती काय उरले? तोंड आणि लेखणी.

पुण्याची व्यवस्था वॉल्टर रँड या सिव्हिल अधिकाऱ्याकडे देण्यात आली. त्याच्या हाताखाली आठशेहून अधिक लष्करी शिपाई होते. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत गोऱ्या शिपायांच्या तुकड्या पेठापेठांतून घरे तपासत फिरल्या. दार उघडले नाही तर फोडायचे, माजघर, देवघर, स्वयंपाकघर सगळे पाहायचे, ताप आलेल्याला इस्पितळात आणि घरच्या इतरांना वेगळ्या छावणीत न्यायचे, सामान जाळायचे, जमीन उकरून औषधी पाणी ओतायचे. प्लेगची गाठ काखेत किंवा जांघेत येते. ती शोधण्यासाठी बायकांना परक्या पुरुषांनी, कित्येकदा चारचौघांत, तपासले. परिचारिका म्हणून मला हे वाचताना सर्वांत जास्त टोचते. तपासणी आवश्यक असेल, पण पडदा लावणे, स्त्रीला स्त्रीने तपासणे, आधी दोन शब्दांत कारण सांगणे, यांना खर्च किती येतो?

त्याच मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले पुण्यात वारल्या. मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांनाच रोग जडला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शिपायांच्या बंदुकांशिवायही पुण्यात रोग्यांची काळजी घेतली जात होती, हे या एका नावावरून कळावे. लोकमान्य टिळकही शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे वेगळे इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला. रोग्याला वेगळे ठेवू नये असे ‘केसरी’चे म्हणणे नव्हतेच. टीका होती ती पद्धतीवर आणि जुलमावर.

पंडिता रमाबाई तर सरकारच्या शत्रू म्हणून कोणाला ठाऊक नव्हत्या. त्या ख्रिस्ती होत्या, इंग्रजांमध्ये त्यांचा मान होता. त्यांनीही पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांचे काय हाल होतात याविषयी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात लिहिले. सरकारने ते खोटे म्हणून झिडकारले. रँडच्या अहवालात तर समाधानाने नोंद आहे की, स्त्रियांचा जाणूनबुजून विनयभंग झाल्याची विश्वासार्ह तक्रार प्लेग कमिटीकडे किंवा अधिकाऱ्यांकडे आलीच नाही.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. वॉर्डात पहिल्याच वर्षी शिकवतात की रोगी गप्प आहे म्हणून त्याला दुखत नाही असे समजू नका. तो घाबरलेला असेल, त्याला तुमची भाषा येत नसेल, किंवा ओरडून उपयोग नाही हे त्याला कळलेले असेल. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच तक्रार ऐकणारा, आणि घडले ते सांगण्यात घरच्या अब्रूचा प्रश्न. अशा ठिकाणी ‘तक्रार आली नाही’ याचा अर्थ काय घ्यायचा?

२२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा समारंभ आटोपून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड जुलैत मेला. दामोदर चापेकरांना पुढे या खुनाबद्दल फाशी झाली. खून झाला म्हणजे खुन्याला पकडणे हे सरकारचे कर्तव्यच. त्याबद्दल कोणी वाद घालू नये. परंतु सरकार तेवढ्यावर थांबले नाही. खुनाचा तपास लागण्याआधीच त्याने बोलणाऱ्यांकडे आणि लिहिणाऱ्यांकडे मोर्चा वळविला.

जुलैच्या शेवटी दोन दिवसांत दोन गोष्टी घडल्या. २७ तारखेला टिळकांना अटक झाली. २८ तारखेला पुण्याचे सरदार नातू बंधू उचलले गेले. नातूंवर आरोप ठेवला नाही, खटला चालविला नाही. १८२७ सालच्या एका जुन्या रेग्युलेशनखाली, केवळ सरकारला योग्य वाटते म्हणून, त्यांना स्थानबद्ध केले. सत्तर वर्षांपूर्वीचे हत्यार गंजले नव्हते. वापरायची वेळ आली तेव्हा ते हाताशीच होते.

टिळकांवरचा खटला मात्र उघड कोर्टात चालला, आणि तो प्लेगवरील लेखांबद्दल नव्हताच. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता छापली होती. तिच्याबद्दल राजद्रोहाचे कलम १२४-अ लावले. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला कायदा समजावून सांगताना ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव असा केला आणि त्यात द्वेष, वैर, नावड, तिरस्कार सगळे बसविले. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हेच गुन्ह्याच्या हद्दीत आले. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी सभासदांनी निर्दोष म्हटले. लेख मराठीत होता, आणि बहुमत देणाऱ्यांनी तो वाचला भाषांतरात. १४ सप्टेंबर १८९७ रोजी दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. मॅक्सम्युलरसारख्या विद्वानांनी रदबदली केल्यावर वर्षभराने टिळक सुटले.

या अटकांचा परिणाम कसा झाला, ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रकरणात दिसते. गोखले त्या वेळी एका कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याच्या मित्रांनी पत्रांतून कळविलेल्या हकिगती त्यांनी तिथे पार्लमेंटच्या सभासदांना आणि वर्तमानपत्राला सांगितल्या. त्यांत दोन स्त्रियांवर शिपायांनी अत्याचार केल्याचा आरोपही होता. सरकारने साफ इन्कार केला आणि पुरावा मागितला. गोखले जुलैच्या अखेरीस मुंबईला उतरले, ते नेमके या अटकांच्या धुमाळीत. ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांची नावे सांगायची तर त्यांना तुरुंगाचा रस्ता दाखवायचा. नावे सांगायची नाहीत तर पुरावा नाही. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. इंग्रजांनी त्यांना खोटारडे म्हटले आणि आपल्या लोकांनी भित्रे म्हटले. ती हकीगत खरी होती की खोटी, हे ठरण्याचा मार्गच बंद झाला. यात नुकसान एकट्या गोखल्यांचे झाले नाही. आरोप खोटा असता तर शिपायांवरचा डाग पुसला गेला असता, खरा असता तर त्या स्त्रियांना न्याय मिळाला असता. साक्षीदारांची तोंडे बंद झाल्यावर दोन्ही राहून गेले.

आता आणखी एक गोष्ट सांगते, जी त्या वेळी ना रँडला ठाऊक होती ना टिळकांना. सरकारचे शास्त्रच अपुरे होते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो माणसापर्यंत येतो कसा ते ठाऊक नव्हते. घाण, हवा, कपडे, जमीन यांवर सगळा संशय होता. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले की, मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरविते. त्याचे म्हणणे बरीच वर्षे कोणी मानले नाही. पुढे परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेल्या कामाने ते पक्के झाले. म्हणजे ज्या जमिनी उकरल्या, ज्या गोधड्या जाळल्या, त्यांतले पुष्कळसे व्यर्थ होते. उलट गढवाल-कुमाऊंच्या डोंगरी भागातले अडाणी समजले जाणारे लोक उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून रानात राहायला जात. त्यांना जंतू माहीत नव्हता, पण उंदीर माहीत होता. सरकारने त्यांना विचारले असते तर?

शिवाय सक्तीचा एक परिणाम प्रत्येक नर्सला ठाऊक आहे. लोक रोगी लपवू लागतात. सैनिक येणार म्हणून ताप आलेले मूल माळ्यावर ठेवतात, प्रेत रात्री गुपचूप नेतात. ज्या रोगाची नोंदच होत नाही त्याच्याशी लढणार कसे?

याच काळात मुंबईत दुसऱ्या रीतीने काम करणारा एक माणूस होता, आणि तो आपला धर्मबंधू होता. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसात जन्मलेला यहुदी शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून तो १८९३ साली पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आला होता. १८९६ च्या ऑक्टोबरात त्याला मुंबईला बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक लहानशी जागा मिळाली, आणि तीन महिन्यांत त्याने प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. नंतर कॉलेजातले डॉक्टर पुढे आले, मग भायखळ्याच्या तुरुंगातले राजीखुशीने तयार झालेले कैदी. कैद्याची राजीखुशी कितपत राजीखुशी, हे आजची नर्स विचारीलच आणि तिने विचारावेही. पण टोचून घेतलेले आणि न घेतलेले यांची शेजारी शेजारी तुलना करून त्याने आकडे जगापुढे मांडले. आगाखानांनी अनुयायांच्या देखत स्वतः लस टोचून घेतली आणि भीती कमी झाली. घरात घुसून कोणाला टोचावे लागले नाही.

हाफकिनवरही पुढे संकट आले, आणि त्यात आपल्या विषयाचा धडा आहे. १९०२ च्या अखेरीस पंजाबात मुलकोवाल गावी त्याच्या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. सरकारी चौकशीने बोट हाफकिनच्या प्रयोगशाळेकडे दाखविले आणि त्याचे पद गेले. वस्तुतः गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच बाटली उघडण्यास वापरला होता. बाटली उघडली तेव्हा तिला कसला वासही नव्हता, म्हणजे दोष मागाहून शिरला. हे खरे बाहेर कसे आले? विलायतेत रोनाल्ड रॉस यांनी, ज्यांना हिवतापावरील शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले होते, लेखणी उचलली. १९०७ च्या जुलैत दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र ‘टाइम्स’मध्ये छापून आले. वर्षअखेरीस हाफकिन निर्दोष ठरून हिंदुस्थानात कामावर परतला. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव दिले गेले. सरकारच्या निर्णयावर छापील टीका करणे हा विलायतेतही गुन्हा असता, तर हा निरपराध माणूस कलंक घेऊनच मेला असता. एकच साम्राज्य, पण लंडनमध्ये शास्त्रज्ञाच्या पत्राला उत्तर मिळाले आणि पुण्यात गोखल्यांच्या पत्रलेखकांना तोंड लपवावे लागले.

सक्तीचे पुढे काय झाले? ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर हळूहळू सरकारने हात सैल केला. घरोघरच्या झडत्या मागे पडल्या, समाजाच्या पुढाऱ्यांना बरोबर घेणे आणि लस ऐच्छिक ठेवणे यांवर भर आला. म्हणजे ‘केसरी’ आणि रमाबाई जे सांगत होत्या, ते दंगलीनंतर पटले. आधी ऐकले असते तर किती प्राण आणि किती अब्रू वाचली असती! हिंदुस्थानात प्लेगने पुढच्या दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली. ती सगळी सरकारच्या दंडेलीने मेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण लोकांचा विश्वास पहिल्या वर्षीच गमावला नसता तर लस घेणारे हात अधिक पुढे आले असते, असे मला वाटते.

कलम १२४-अ मात्र इंग्रज गेल्यावरही भारतात राहिले. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर थांबविला. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली, तरी नव्या न्याय संहितेत वेगळ्या शब्दांत त्याच्या जवळचे कलम आहे. कायद्यांना इस्पितळातल्या जुन्या जंतूंसारखी सवय असते. वॉर्ड धुतला तरी कोपऱ्यात राहतात.

वाचक म्हणतील, हे सगळे तिकडचे झाले. पण २०२० मध्ये इथे काय झाले ते आठवा. मार्चच्या मध्यरात्री सरकारने आणीबाणीच्या नियमांनी शिन बेतला कोरोनाच्या रोग्यांचे फोन हुडकण्याची मुभा दिली. हेतू चांगला होता. तरी नागरिक कोर्टात गेले, पत्रकारांची संघटनाही गेली. पत्रकाराचा फोन सरकारच्या हाती गेला तर त्याला माहिती देणारा उघडा पडतो. गोखल्यांच्या पत्रलेखकांचीच ही गोष्ट! २६ एप्रिल २०२० रोजी बागात्झने सांगितले की, एवढा मोठा अधिकार हवा असेल तर क्नेसेतमध्ये रीतसर कायदा करा, आणि पत्रकाराची संमती घ्या. पुढे १ मार्च २०२१ रोजी या अधिकारावर आणखी मर्यादा घातली. साथ चालूच होती, उपचार चालूच होते. कोर्टाने सरकारचा हात धरला म्हणून कोणी औषधावाचून मेले नाही.

आणि आपला स्वतःचा अनुभव? १९६२ साली रब्बानूतने बेने इस्राएल लोकांच्या लग्नाआधी त्यांच्या कुळाची चौकशी करण्याचे नियम काढले. आपल्या वडीलधाऱ्यांनी यरुशलेमला जाऊन निदर्शने केली, ठिय्या दिला, वर्तमानपत्रांतून बोलले. त्यांना कोणी राजद्रोही ठरविले नाही. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने त्यांचे गाऱ्हाणे ऐकले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्या नियमांतून आपले नाव काढावे लागले. त्या वेळी जर म्हटले असते की देश संकटात आहे, आता तक्रार नको, तर आज आपल्या नातवंडांच्या लग्नात काय झाले असते?

म्हणून माझी एक विनंती आहे. पुढे कधी साथ येईल, युद्ध तर आपल्याला नवे नाही, आणि प्रत्येक वेळी सरकार जादा अधिकार मागेल. काही वेळा ते द्यावेही लागतील. देताना दोन गोष्टी विचारा: हा अधिकार संपणार कधी, आणि तो चुकीचा वापरला गेला तर सांगायचे कोणाला? आणि तुमच्या शेजारी कोणी, तो आपल्या जातीचा, धर्माचा, पक्षाचा नसला तरी, तक्रार करीत असेल तर त्याला गप्प करू नका. रोग्याच्या उशाशी घंटेचे बटण असते. ते वारंवार वाजले की त्रास होतो, हे मी पुष्कळ अनुभवले आहे. पण जी नर्स घंटेची तार काढून ठेवते, तिच्या वॉर्डात शांतता असते, आणि सकाळी एखादी खाट रिकामी सापडते.